भरलेला तांब्या

तुरटी फिरवलेल्या पाण्याला एक मातकट वास असतो. परवा नळाला गढूळ पाणी आलं, मी हंड्यात तुरटी फिरवली आणि दहावीची परीक्षा दिलेला तो उन्हाळा आठवला. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, आणि जळकोटकडच्या आमच्या गावाला टँकरनं पाणी यायचं. त्या दुपारी शाळेतले गुरुजी पहिल्यांदाच बौद्धवाड्यात, आमच्या घरी आले. बाजेवर टेकत बाबांना म्हणाले, "पोरीला आर्ट्सला घाला. नव्या जिल्ह्यात कचेऱ्या निघायला लागल्यात. बारावी अन् टायपिंग झालं की नोकरी. सायन्स काही झेपायचं नाही तिला." आईनं निवळलेल्या पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. गुरुजींनी तो बोटांनी हळूच मागं सारला. "राहू द्या, आधीच पाण्याचे एवढे हाल." ते गेले तरी बाबा तांब्याकडंच बघत बसले. आई म्हणाली, "दुष्काळ हाय म्हणून न्हाई पिले. भला माणूस हाय." बाबा म्हणाले, "उन्हातून आला व्हता. व्हट सुकले व्हते त्याचे. पोरगी सायन्सलाच जाईल." आईनं ते पाणी थेंबही न सांडता परत रांजणात ओतलं. मी डॉक्टर झाले. गुरुजींनी आमचं पाणी वाचवलं की टाळलं, ते मला अजून कळलेलं नाही. पण आजही घरी कुणी सल्ला द्यायला आलं, की मी आधी पाणी पुढं ठेवते, आणि ऐकायचं सोडून त्याच्या हाताकडं बघत राहते.