चाचांचे कर्णतेल

डोणगावच्या बाजारात झाडपाल्याची औषधे विकणारे एक चाचा बसतात. माझ्या उजव्या कानात अहोरात्र रातकिडे वाजत असून, पक्षकाराची हकीकत बिनचूक ऐकण्यावरच माझ्यासारख्या अर्जनवीसाचा चरितार्थ असल्याने, मी त्यांच्याकडून लसूण व रुईची पाने घालून कढवलेले तीळतेल घेऊ लागलो. दर बाजारी ते कळकळीने विचारीत, "मुनशीजी, फरक पडला का?" ज्याचे अर्ज नागपूरपर्यंत जातात त्याच्याविषयी ही आस्था स्वाभाविकच, असे माझे मत झाले.

एकदा मी विचारले, "चाचा, तुम्हांला एवढी काळजी कशाची?"

"माहा बी कान वाजते ना!"

"मग तुम्हीही हेच तेल घालीत असाल?"

"पयले तुमाले गुन येऊ द्या. कान काही बाजारात भेटत नाही, बाप्पा!"

हे माझ्या प्रतिष्ठेस साहवेना. पुढील बाजारी, रातकिडे पूर्ववत वाजत असताही, मी गंभीरपणे सांगितले की, पुष्कळ फरक पडला. चाचांनी तत्क्षणी आपल्या कानात तेल ओतले आणि वर अत्तराचा फाया खोवला.

आठ दिवसांनी त्यांनाही पुष्कळ फरक पडला होता. ते त्यांना तीनदा सांगावे लागले, कारण आधी मला ऐकू आले नाही. आणि त्यांचे अभिनंदन मलाही तितक्याच वेळा करावे लागले, कारण आता त्यांनाही ऐकू येत नव्हते.