दहाव्या मिनिटाचा श्वास

ह्यांना मालिकेत प्रेताचं काम मिळालं ते केवळ संग्रहालयाच्या किल्ल्या ह्यांच्याजवळ असतात म्हणून.

माझे यजमान जयपुरात एका कॉलेजात भूशास्त्र शिकवतात. आम्ही मूळचे सांगलीचे, पण इथं येऊन सव्वीस वर्षं झाली. कॉलेजच्या जुन्या इमारतीत दगडांचं संग्रहालय आहे. उंच काचेची कपाटं, त्यांत रांगेनं मांडलेले खडे आणि गारगोट्या. मागच्या जानेवारीत एका गुन्हेगारी मालिकेची मंडळी जागा शोधत आली आणि ती खोली त्यांना जवाहिऱ्याची पेढी म्हणून पसंत पडली. पहिल्याच भागात त्या पेढीत जवाहिऱ्याचा खून झालेला सापडतो. चित्रीकरणाच्या दिवशी जवाहिऱ्याचं काम करणारा माणूस काही आला नाही. दिग्दर्शिकेनं इकडे तिकडे पाहिलं, तर कपाटाशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन हे उभे. पिकलेल्या मिशा, भारदस्त पोट.

"सर, आप लेट जाएँगे? बस लेटना है।"

हे आडवे झाले.

संध्याकाळी घरी आले ते सदऱ्याच्या कॉलरवर लाल डाग घेऊन. मी दारातच किंचाळले.

"अगं, रंग आहे! वास घेऊन बघ, सरबतासारखा गोड आहे."

सगळं ऐकल्यावर मला घाबरायचं सोडून राग आला. त्याच्या दीड वर्ष आधी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. आणि जयपूरची जानेवारीतली फरशी म्हणजे पाय टेकवला तरी कळ मस्तकात जाते.

"तीन तास फरशीवर पडून होतात? डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला?"

"ताण घेऊ नका म्हणून सांगितलंय. प्रेताला कसला ताण असतो?"

मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. फरशी हे एक कारण झालं. ह्यांनी कोणीतरी मेलेलं होऊन पडावं हेच मला सहन होत नव्हतं, पण ते शब्दांत सांगता येईना. मी शाळेत गणित शिकवते. अशा गोष्टी मला नीट मांडता येत नाहीत.

वर्ष गेलं. मी ते प्रकरण विसरलेही होते. मग एक दिवस मुलगी ओरडतच खोलीतून बाहेर आली, "बाबा! मालिकेची डेट आली! शुक्रवारी दुपारी बारा वाजता!"

तो आठवडा आमच्या घरात नुसती धांदल होती. एरवी परीक्षेच्या निकालालाही शांत असणारे हे रोज संध्याकाळी जाहिरात लावून बघायचे आणि स्वतः त्यात आहोत का ते शोधायचे. मुलीनं ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. वैशाली नगरमधल्या आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये भाभीजी राहतात. त्या मूळच्या सीकरकडच्या, आणि एकही गुन्हेगारी मालिका न सोडणाऱ्या. त्यांनी परस्परच जाहीर केलं की त्या बघायला आमच्याकडे येणार आणि कचोऱ्या आणणार. मीही शाळेतून लवकर निघाले. मुख्याध्यापिकांना कारण काय सांगायचं ते सुचेना, म्हणून खरं तेच सांगितलं. त्यांनी डोळे मोठे केले आणि म्हणाल्या, "संडे को मैं भी देखूँगी।"

बाराला पाच कमी असताना आम्ही चौघं टीव्हीसमोर बसलो. ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

मालिका सुरू झाली. पहाटेची चौपड म्हणजे बाजारचौक, उघडणारी दुकानं, एक कुत्रं. मग पेढीचं कुलूप उघडणारा म्हातारा मुनीम. त्याच्या हातातला दिवा हलला आणि कॅमेरा फरशीवरून सरकत सरकत गेला. आधी तळवे दिसले, मग पोट, मग चेहरा.

"बाबा!" मुलगी उडालीच. भाभीजींनी टाळ्या वाजवल्या. "भाईसाहब, क्या मरे हैं आप!"

मी चहा टाकायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला धरून उभी राहिले. चेहऱ्यावर पांढुरकं काहीतरी फासलं होतं आणि डोळे अर्धे उघडे होते. हेच ते हे, आणि हेच मघाशी माझ्याकडे अडकित्ता कुठे ठेवलाय म्हणून विचारत होते. दोन्ही एका वेळी डोक्यात मावेना. चहा उकळून वर आला तेव्हा भान आलं. परत गेले तोवर पोलीस आले होते आणि प्रेतावर चादर पडली होती.

भाग संपला आणि खरी गंमत सुरू झाली. मुलगी फोनवर प्रेक्षकांची मतं वाचायला लागली. मिनिटामिनिटाला नवीन मत येत होतं आणि ती एकेक मोठ्यानं वाचत होती. कोणाला इन्स्पेक्टर बाई फार आवडल्या होत्या. कोणी म्हणत होतं भाग रेंगाळतो. जयपूरची माणसं तर बोलीवरून भडकली होती, हवालदार जयपूरचा आणि बोलतो भलत्याच गावचं. "ये तो मैंने भी बोला था!" भाभीजी म्हणाल्या. खून मुनीमानं केलाय हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच ठरवलं होतं आणि त्यांच्या बाजूनं आलेल्या प्रत्येक मताला त्या मांडीवर थाप मारत होत्या.

मग मुलगी वाचता वाचता थांबली.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही, मतलब… एकानं लिहिलंय, दहा मिनिटं चाळीस सेकंदाला बॉडी श्वास घेते."

"शक्यच नाही!" हे उठून उभे राहिले. "लहानपणी कृष्णेत बुडी मारून मी पोरांना मोजायला लावायचो. माझा दम तुम्हाला माहीत नाही."

आम्ही तो प्रसंग परत लावला. दहा मिनिटं चाळीस सेकंद. पांढऱ्या सदऱ्याखाली ह्यांचं पोट सावकाश वर आलं, तसंच खाली गेलं.

हे मटकन खाली बसले. "दहा सेकंद श्वास धरा म्हणाले होते," ते पुटपुटले. "दहाचे किती केले कुणास ठाऊक."

तासाभरात तेवढाच तुकडा सगळीकडे फिरू लागला. लोकांनी पोटाभोवती लाल गोल काढले. विद्यार्थ्यांचे निरोप आले, "सर, आप तो ज़िंदा निकले।" माझा जीव ह्यांच्यासाठी तुटत होता. एका शब्दाची चूक झाली तरी प्रबंध परत पाठवणारा माणूस, आणि त्यांची चूक सगळं गाव बघतंय. हे आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले.

पण पाच वाजेपर्यंत वारं फिरलं. कोणीतरी लिहिलं की ही चूक नाही, खूण आहे. जवाहिऱ्या मेलेलाच नाही! कॅमेरा मुद्दाम पोटावर थांबलाय. त्यावर दुसऱ्यानं पुरावा दिला की मुनीमानं नाडी बघितलीच नाही. तिसऱ्यानं विम्याची शंका काढली. बघता बघता दोन पक्ष पडले. एक म्हणे चूक, एक म्हणे खूण, आणि दोघं एकमेकांची अक्कल काढायला लागले.

मुलगी धावत आत गेली. "बाबा, उठा! तुम्ही जिवंत आहात असं लोक म्हणतायत!"

हे उठले. चष्मा लावून स्वतः वाचायला बसले. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. "हा बघ, हा मुलगा काय तर्क करतो! चुकीचा आहे, पण पायरी पायरीनं जातो." मुलीला उत्तर लिहायची भारी खुमखुमी आली होती, पण कथेबद्दल बाहेर बोलणार नाही असा कागद ह्यांनी सही करून दिला होता. तेव्हा खरी गोष्ट माहीत असलेली माणसं आमच्याच दिवाणखान्यात गप्प बसून होती, आणि बाहेर रणधुमाळी चालली होती. मला इतकं हसू यायला लागलं की डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात सांगलीहून सासूबाईंचा फोन. त्यांना आम्ही कळवलंच नव्हतं. पुतण्यानं आपल्या फोनवर दाखवलं होतं. मी धसकलेच. लेकाला तसं बघून त्यांचं काय झालं असेल?

"अगं, पाय उघडे टाकले होते त्याचे," त्या म्हणाल्या. "थंडीचे दिवस होते की काय?"

"हो, जानेवारी होता."

"मग? त्या शूटिंगवाल्यांना सांगायचं नाही का, पायांवर काहीतरी टाका म्हणून. बाकी काम छान केलंय. तसाच झोपतो तो लहानपणापासून."

त्या बोलल्या आणि माझ्या मनावरचं काहीतरी उतरलं. त्यांना प्रेत दिसलंच नव्हतं. झोपलेला मुलगा दिसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे फिरायला गेले होते आणि मुलगी झोपली होती. मी एकटीनं तो प्रसंग लावला. चेहरा आला तेव्हा या वेळी मी उठले नाही. दहा मिनिटं चाळीस सेकंद. मी थांबवलं, मागे नेलं, परत बघितलं. पोट वर, पोट खाली.

अँजिओप्लास्टीच्या दिवशी दवाखान्यात मला आत सोडलं नव्हतं. काचेतून ह्यांचा चेहरा दिसत नव्हता, नळ्या आणि यंत्रांच्या मधून फक्त ब्लँकेटचा एक पट्टा दिसत होता. तो वर येतोय, खाली जातोय, एवढंच मी सकाळपासून दुपारपर्यंत बघत उभी होते. एकदा पलीकडून नर्स आडवी आली तर मी काचेवर हात आपटला होता. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही.

मी फोन घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून मत लिहिलं. नाव न देता, नुसतं 'एक काकू' म्हणून, मराठीत. हिंदी आणि इंग्रजीच्या त्या गर्दीत ते जरा वेगळंच दिसलं. मी लिहिलं, 'दहाव्या मिनिटाला तो माणूस श्वास घेतो. ते बघून मला फार आनंद झाला. बाकीचा भागही चांगला आहे.'

हे फिरून आले तोवर नाशिकच्या कोण्या मुलीनं विचारलं होतं, 'काकू, म्हणजे तुम्ही खूणवाल्या ना?' आणि खूणवाल्यांनी मला आपल्या पक्षात घेऊनही टाकलं होतं.

हे बुटाची नाडी सोडत होते. मी फोन पुढे केला. त्यांनी मजकूर वाचला, परत वाचला.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"चूकच होती गं ती," ते म्हणाले.

"असू दे."

त्यांनी फोन मला परत दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच चहा टाकला. असं ते फारसं करत नाहीत.

पुढच्या शुक्रवारी भाभीजी मिर्चीवडे घेऊन आल्या. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच शवविच्छेदन झालं आणि डॉक्टरनं जवाहिऱ्याला अधिकृतपणे मृत ठरवलं. खूणवाले हरले. मुलगी बाबांकडे बघून च्च् च्च् करत होती आणि हे म्हणत होते, "मी आधीपासून सांगत होतो, पण ऐकतो कोण." माझं लक्ष तिकडे नव्हतंच. जवाहिऱ्याची धाकटी भावजय अंत्ययात्रेत रडत होती, पण तिच्या हातात नवीन बांगड्या होत्या.

"हिनंच केलंय," मी म्हणाले.

"मुनीम," भाभीजी म्हणाल्या.

"भाभीजी, बांगड्या बघा ना तिच्या!"

"अरे मुनीम की आँखें देखो!"

ह्यांनी टीव्ही थांबवला, आणि आम्ही दोघी मिर्चीवडे हातात तसेच धरून भांडत राहिलो.