रिले माझ्या हातात होता

माहेरी भूत, करणी, अंगात येणं असला शब्द कुणी काढला तरी माझे वडील जेवता जेवता ताटावरून उठायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी घरातले देवाचे टाक फडक्यात बांधून नदीत सोडले होते. "आता हितून पुढं कुणी भ्यायचं न्हाय," एवढंच म्हणाले म्हणे. मी त्यानंतर जन्मलेली. रस्त्यात ठेवलेला उतारा ओलांडून जाणारी, भर दुपारी चिंचेखाली झोपणारी पोर होते मी. भित्री होतेच, पण माणसांना. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. अजूनही चिकटते. म्हणून हे बोलून नाही, लिहून सांगतेय. शिक्षण चौथी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले आणि शाळा सुटली ती सुटलीच.

ही गोष्ट त्यानंतरच्या दुष्काळातली. लग्न होऊन मला दोन लेकरं झाली होती. आमचं गाव भूम तालुक्यात. नाव लिहीत नाही, कारण जिच्याबद्दल लिहिणार आहे ती बाई अजून तिथंच राहते. गाव एका अंगाला, मधे ओढा, ओढ्याच्या पलीकडं आमची बौद्ध वस्ती. वस्तीच्या खालच्या बाजूला आमची विहीर आणि विहिरीच्या अलीकडं एक मोठा लिंब.

माझे मालक सोसायटीच्या जीपवर ड्रायव्हर होते. जीपच्या टपावर भोंगा बसवलेला होता. टँकर कधी येणार, छावणीत कडबा कधी वाटणार, रेशनची साखर आली का… सगळं त्या भोंग्यावरून सांगत ते वाड्यावस्त्या फिरायचे. आवाज मोठा करायची मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, सीटच्या खाली होती आणि तिला करंट थेट बॅटरीतून जायचा. मशीन बंद करायची राहिली की बॅटरी उतरायची, मग सकाळी अख्ख्या वस्तीनं जीप ढकलायची. शेवटी मालकांनी भूमच्या मिस्त्रीकडून एक रिले आणला. पत्र्याची डबी, काड्यापेटीपेक्षा जरा मोठी, खाली चार पाय. जीपला किल्ली लावली की त्यात आतल्या आत टक् असं वाजायचं आणि मशीन चालू. किल्ली काढली की परत टक्, बंद.

तो बसवताना मी तारा धरून उभी होते. मला ते काम आवडायचं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. मी विचारलं, एवढुशा डबीचं काय काम? तर म्हणाले, "हे बघ. किल्लीकडून ही बारीक तार येती, ती म्हंजे चेअरमन. नुसती मान हलवती. पोतं उचलणारा हमाल म्हंजे ही जाड तार, बॅटरीकडची. चेअरमननं मान हलवली की हमाल उठतो. चेअरमनला पोतं उचलाय लावलं तर जळून जाईल बिचारा."

शेजारी शहाजी भाऊजी बसले होते, मालकांचे चुलतभाऊ. ते म्हणाले, "जळू दे की मग. लावा एकदा!"

शहाजी भाऊजी असेच होते. सतत काहीतरी बोलणार. त्यांची बायको लोचना, माझी धाकटी जाऊ. आमची दोन्ही घरं एकाच भिंतीला. मी जेवढी मुकी तेवढी ती बोलकी, त्यामुळं आमचं छान जमायचं. मला काही मागायचं असलं की तीच माझ्या वतीनं मागून आणायची.

एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्यात देव गेले, उपासतापास गेले, पण बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत काही गेली नव्हती. माझ्या लग्नात उंबऱ्यावर अडवून नाव घ्यायला लावलं तेव्हा मी रडायला लागले. शेवटी नणंद म्हणाली, "जाऊ द्या तिला, मी घेते," आणि तिनं घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांचं नाव तोंडानं कधी काढलं नव्हतं. एकटी असतानाही नाही. म्हणून पुढं जे झालं त्याचा मला धक्का जास्त बसला की लाज जास्त वाटली, हे आजही मला सांगता येत नाही.

त्या उन्हाळ्यात आमची विहीर आटली. टँकर आधी गावातल्या विहिरीत ओतायचा, मग तळाला राहील ते आमच्याकडं. वस्तीनं ठरवलं, आपलीच विहीर अजून खाली न्यायची. माणसं पाळीपाळीनं उतरायची. मालक सुट्टीच्या दिवशी उतरायचे. त्या दिवशी भूमचा बाजार होता, सोसायटी बंद. जीप लिंबाखाली उभी.

रिले दोन दिवसांपासून त्रास देत होता. आतले करंट जोडणारे पॉइंट काळे पडून एकमेकांना चिकटायचे, किल्ली काढली तरी मशीन चालूच. सकाळी मालकांनी तो काढून माझ्या हातात दिला. "तुझी बोटं बारीक हायती. पॉलिश पेपरनं घासून ठेव. संध्याकाळी बसवतो." जाड तारेचं टोक त्यांनी चिंधीनं बांधून मोकळं सोडलं होतं. किल्ली शर्टाच्या खिशात, आणि शर्ट विहिरीच्या काठावर दगडाखाली.

दुपार झाली. रहाटावरची माणसं जेवायला घरी आली. खाली मालक आणि शहाजी भाऊजी दोघंच राहिले होते, एवढा एक थर उकरून मग वर येतो म्हणाले. लोचना त्यांची भाकर घेऊन निघाली. मी आमच्या दारात बसून रिलेचं झाकण काढून पॉइंट घासत होते. समोर सासूबाई सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत होत्या.

तेवढ्यात रिले माझ्या तळहातावर वाजला. टक्.

त्याला एकही तार नव्हती. माझं बोट पॉइंटवर नव्हतं, मी पेपर दुमडत होते. माझ्या डोळ्यांदेखत ती आतली पट्टी खाली गेली, पॉइंट मिटले आणि मिटूनच राहिले. मी बघत बसले. वाटलं, उन्हानं तापून झालं असेल. मग पट्टी परत वर आली. टक्. बस्स, एवढंच. मी दुसरं काही ऐकलं नाही.

मान वर केली तर सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. सूप मांडीवरून कललं होतं, ज्वारी सांडत होती.

"आगं, तू हितं बसलीस," त्या म्हणाल्या, "आन् तिकडं कोण बोललं?"

"कुठं?"

"भोंग्यावर. तुजाच आवाज हाय की. नाव घेतलंस तू त्याचं!"

मला काही कळेना. शेजारच्या घरातून माणसं हात धुवायचं सोडून बाहेर आली होती, माझ्याकडं बघून हसत होती. एक म्हातारा म्हणाला, "लई दिवसांनी कंठ फुटला की सूनबाईला!" नंतर सगळ्यांनी सांगितलं ते असं. भोंगा खरखरला आणि माझ्या आवाजात मालकांना नावानिशी हाक आली. वर या, वर या, लवकर वर या. तीन-चार वेळा. मग बंद. ओढ्यापलीकडं गावातल्या माणसांनीही ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त मी.

विहिरीत काय झालं ते मालकांनी नंतर सांगितलं. हाक ऐकून त्यांना आधी राग आला. बायको भोंग्यावर नाव घेतेय, सगळी वस्ती ऐकतेय. शहाजी भाऊजी तर पहार टाकून हसायला लागले. "जा जा, मालकीणबाईंचा हुकूम झालाय! नाव घेतलंय, आता लाडू वाटा." मालक म्हणाले, तूही चल. तर म्हणाले, "मला कुणी बोलावलंय? जाऊन या, तवर म्या एवढा दगड हलवतो."

मालक दोर धरून वर आले. जीपजवळ कुणी नव्हतं. मला शोधायला ते जीपच्या पाठीमागं गेले, आत वाकून बघितलं. माईक खुंटीला होता. चिंधी बांधलेली तार सकाळी सोडली तशीच लोंबत होती. ते म्हणतात, ती तार बघितली तेव्हा त्यांना भीती वाटली. त्यांनी विहिरीकडं वळून भाऊजींना हाक मारली, आणि हाक पुरी व्हायच्या आत ओढ्याच्या बाजूची दरड आत बसली. ते धावत काठावर गेले तोवर खाली नुसती धूळ.

आवाज झाला तशी अख्खी वस्ती धावली. मीही धावले. रिले माझ्या मुठीतच राहिला होता, हे मला नंतर कळलं. लोचना काठावर होती. भाकरीचं गठुडं पांदीत, विहिरीकडच्या वाटेवर पडलेलं. माणसं खाली उतरत होती, पाट्या भरून माती वर येत होती, कुणी ओरडत होतं की सांभाळून, दुसरी बाजूही सुटेल. लोचना रडत नव्हती. तिनं मला बघितलं आणि माझं मनगट धरलं.

"अक्का, तू हाक मारलीस, तुजा मालक वर आला."

"म्या न्हाय गं मारली…"

"म्या ऐकली. पांदीत व्हते म्या. तुजीच व्हती." ती मला जीपकडं ओढत नेऊ लागली. "आता माज्या मालकाला मार. चल. त्येंला बी बोलाव."

मी मालकांकडं बघितलं. ते मातीनं भरलेले उभे होते. वाटलं, ते हिला समजावतील. त्यांनी काही समजावलं नाही. माझी मूठ उघडून रिले घेतला आणि जीपमध्ये गेले. चारी तारा लावल्या. एक तार दोनदा निसटली, ती परत लावली. शर्टातून किल्ली आणून लावली. टक् वाजलं आणि भोंगा गुणगुणायला लागला.

लोचनानं माईक माझ्या तोंडापुढं धरला.

सगळी माणसं बघत होती. गावातलीही आली होती. जन्मात मी एवढ्या माणसांपुढं तोंड उघडलं नव्हतं. आवाज फुटेचना. लोचना म्हणाली, "अक्का, तुज्या पाया पडते." आणि खरंच खाली वाकली. मग मी बोलले. "शहाजी भाऊजी, वर या. भाऊजी, वर या." माझा आवाज माळावरून फिरून माझ्याकडंच परत यायचा. मी थांबले की लोचना माझा दंड दाबायची. विहिरीतली माणसं एकदा वर बघायची, परत माती ओढायची. कुणी मला गप्प बस म्हणालं नाही. दिवस कलला, माझा घसा बसला, नुसती हवा यायला लागली, तरी मी म्हणतच होते.

भाऊजी दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले.

त्यानंतर सोसायटीनं मिस्त्रीला बोलावून वायरिंग बघितलं. त्याचं म्हणणं एकच, रिले काढून तार मोकळी असेल तर मशीनला करंट मिळूच शकत नाही. मग तोच म्हणाला, की रिले नसेलच काढलेला. कुणी म्हणालं, दुसऱ्या गावचा भोंगा वाऱ्यानं ऐकू आला असेल. दुसऱ्या गावात माझा आवाज आणि माझ्या मालकांचं नाव कुठून येणार? बहुतेकांनी आपापसात ठरवून टाकलं की मीच लपून जीपमध्ये गेले होते, मला काहीतरी दिसलं होतं, आणि सासूबाई सुनेला पाठीशी घालतायत. सासूबाईंनी वाद घातला नाही. मात्र त्या होत्या तोवर, मी त्यांच्या पाठीमागून बोलले की दचकून वळायच्या आणि माझं तोंड हलतंय का बघायच्या.

मालकांनी मला कधी काही विचारलं नाही. रिले त्यांनी स्वतः काढला होता, तार स्वतः बघितली होती. त्यांनी जीप सोडली आणि सूतगिरणीत हमालीला लागले. वडिलांना मी सगळं सांगितलं. वाटलं होतं ते ताटावरून उठतील. ते बसूनच राहिले. म्हणाले, "तुला त्या बाईची काळजी घ्यायला पाहिजे."

लोचनानं दुसरं लग्न केलं नाही. वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही, मग बोलायला लागली, कारण एका भिंतीच्या घरात किती दिवस न बोलता राहणार. तिच्या पोरीचं लग्न आम्ही दोघींनी मिळून केलं. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. मी हल्ली लेकाकडं असते, गावाकडं गेले की उतरते तिच्याकडंच. ती माझ्यावर चिडत नाही. पण दिवाबत्तीच्या सुमाराला, दोघीच असलो की, कधीतरी विचारतेच.

"अक्का, येवढं तुज्या मालकाचं नाव घेतलंस. त्येच्या जोडीला ह्येंचं घेतलं असतंस तर काय झालं असतं गं?"

मी म्हणते, मी नव्हते, लोचना.

"बरं, तू नव्हतीस. मग जे कोण व्हतं, त्येला आमचं दोघांचं घर एका भिंतीला हाय हे ठावं नव्हतं का?"

मी होते म्हटलं तर तिचा माणूस मी खाली सोडला, असं होतं. मी नव्हते म्हटलं तर, ज्यानं कुणी माझा आवाज घेतला त्याला एकच माणूस वर हवा होता, असं होतं. मला दोन्ही मानवत नाही. वडिलांच्या शिकवणीत ह्याचं उत्तर नाही आणि मिस्त्रीच्या वायरिंगमध्येही नाही. ती उठून भाकरी टाकायला घेते, आणि मी तिच्याजवळ चुलीपाशी जाऊन बसते.