अगाशीवरची वाडी

सुरतेतल्या आमच्या बमरोलीच्या बिल्डिंगीत कुणी काही विचारलं की आधी हात वर जातो, डोकं मागून चालवलं जातं. माझंही तसंच आहे, उगाच दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू.

त्या रविवारी सोसायटीच्या प्रमुखांनी सगळ्यांना खाली बोलावलं. माणूस गुजराती, भला, पण बोलणं अगदी तोडकं. म्हणाले, "अगाशी पर वाडी करवी छे. कोण तैयार?" अगाशी म्हणजे गच्ची. आणि वाडी? गावाकडे वाडी म्हटलं की झाडं, भाजीपाला डोळ्यांपुढे येतो. पण खानदेश सोडून आम्ही इतके सुरती झालोय की वाडी म्हणजे लग्नाचा हॉल, दुसरं काही डोक्यात येतच नाही. झालं, सगळ्यांचे हात वर. मी तर दोन्ही केले.

कारण माझ्या लेकीचं लग्न ठरलं होतं. मुलाकडचे नंदुरबारचे, लग्न त्यांच्याकडे. निदान हळद तरी इथे व्हावी असा माझा हट्ट होता. मी साड्यांच्या कारखान्यात जायचे तेव्हा या पोरीला बिल्डिंगीतल्या बायांनी सांभाळलं, जेवू घातलं, वेळेला धपाटेही घातले. त्यांच्याच हातची हळद तिला लागायला हवी होती. पण खाली गल्लीत टेम्पोंमुळे पाट मांडायलाही जागा नाही. म्हणून गच्चीवर हॉल होतोय म्हटल्यावर मी लगेच विहीणबाईंना फोन करून मोकळी झाले.

मग एक दिवस टेम्पो आला. मला वाटलं, पत्रे आले. उतरल्या मातीच्या गोण्या, शेणखत आणि अर्धी कापलेली निळी पिंपं! प्रमुखांच्या मनात भाजीपाल्याची वाडी होती. पण 'आम्हाला कळलंच नाही' असं म्हणायची हिंमत कुणाची? जन्म लूमवर घालवलेले आमचे पुरुष एका सकाळीत हाडाचे शेतकरी झाले. वांग्याची रोपं किती अंतरावर लावायची यावरून असे भांडले की बांधाचा वाद बरा. आमच्या ह्यांनी तर इतकं पाणी घातलं की वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात छत गळायला लागलं.

मी मात्र फुगून बसले. गच्चीवर पाय ठेवला नाही. लेक रोज बादली घेऊन जायची, त्याचाही मला राग यायचा.

हळद जवळ आली तशी मी बायांना गोळा केलं, वर नेलं आणि म्हटलं, हलवा ही पिंपं. ओल्या मातीची पिंपं ती, जागची हलेनात. त्यात वांगी फुलावर आलेली. धक्का लागला तर फुलं गळतील म्हणून बाया माझ्यावरच वैतागल्या. मला रडूच कोसळलं. तेवढ्यात लेकीने दोन पिंपांच्या मधल्या फटीत पाट टाकला आणि त्यावर फतकल मारून बसली. एरवी घरात गुजराती झाडणारी पोरगी, पण त्या वेळी अहिराणीत म्हणाली, "माय, मी आठेच बसस." इथेच बसते म्हणे. मी डोळे पुसले आणि पिंपं होती तिथेच राहू दिली.

हळदीच्या दिवशी विहीणबाई नंदुरबारहून उष्टी हळद आणि जीपभर बाया घेऊन आल्या. वर जागा एवढीशी. आमच्या बिल्डिंगीतल्या बायाच पदर खोचून, वांग्यांना न शिवता, कशाबशा मावल्या. पाहुण्या सगळ्या जिन्यात अडकल्या. वरपक्षाचा मान मी एरवी कधी चुकवला नसता. विहीणबाईंनी खालून विचारलं, आमची पाळी कधी? मला हसू आवरत नव्हतं.

"थोडं थांबा ताई," मी म्हणाले, "आधी ज्यांनी वाढवलं त्या."