एक-दोन गोळ्या

बाबा पत्रक छापायला देण्याआधी मोठ्या आईला वाचायला द्यायचे. मोठी आई म्हणजे त्यांची थोरली वहिनी, मोठ्या बाबांची बायको. ती जिथं अडखळायची, ते वाक्य बदलायचं. वाचणारा चुकला तर चूक लिहिणाऱ्याची, हे मी शाळेच्या आधी घरात शिकले.

मागच्या हिवाळ्यात मी बोरगाव मेघेहून तळेगावला तिला भेटायला गेले. ती खाटेवर पडून होती. पायांवरची सूज इतकी उतरली होती की कातडी लोंबत होती, आणि ओठ सुकून गेले होते.

"पायाले गोळे येऊन राह्यले. उठलं का चक्कर," ती म्हणाली.

"दिवसभर संडासात बसून राह्यते," मोठे बाबा म्हणाले. "म्हटलं, खाट तिथंच टाकून देतो."

"टाका. तुमचं घोरणं तं ऐकू येनार नाई."

तिचं हृदय अशक्त. अंगात पाणी साचायचं, म्हणून दवाखान्यातून लघवीची गोळी दिली होती. किती घेतेस, विचारलं.

"एक-दोन. चिठ्ठीतच हाये. सूज कमी तं एक, जास्त तं दोन. आता दोनच घेतो, पुन्हा सुजाले नको."

मी चिठ्ठी पाहिली. औषधाच्या नावापुढे 1/2. मधली रेघ जवळजवळ उभी, खाली न वाचता येणारी एक वळवळ. ही अर्धी असणार, माझ्या मनात आलं. पण तिनं एक अंदाज केला होता, माझा दुसरा झाला असता.

"मंग बंदच कर," मोठे बाबा म्हणाले. "तांब्याभर साखर-मिठाचं पानी पाज तिले."

मी त्यांना थांबवलं. अशक्त हृदयाला जास्त पाणीही मारतं, आणि गोळी बंद करणंही आपण ठरवायचं नव्हतं. दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टर बाहेर आहेत. लिहिलंय ते द्या."

"काय लिहिलंय, तेच विचारतेय."

"चिठ्ठी घेऊन या मग."

तिची जीभ जड व्हायला लागली होती. वाट पाहण्यात अर्थ नव्हता. चिठ्ठी आणि गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत टाकून आम्ही तिला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. रक्तातले क्षार घसरले होते, मूत्रपिंडं थकली होती. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिणाऱ्याला गाठलं. रोज सकाळी अर्धी, असं उत्तर आलं.

"आजी, अर्धी होती. तुम्ही चौपट घेतली," डॉक्टर घाईत म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे चूक माही?"

"नाही."

"मंग कोनाची?"

"ज्यानं 'अर्धी' हा एवढासा शब्द लिहायचा कंटाळा केला, त्याची."

तिला ते पटलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत राहिली, "माहीच चूक झाली." मी डॉक्टरांना विनवलं, चूक तिची नव्हती हे तुम्ही एकदा तिला सांगा. सांगतो म्हणाले. आठवडा संपायच्या आत तिच्या हृदयाचे ठोके बिघडले आणि ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर पंगतीत एक बाई हळहळली, "बिचारीले वाचता येत नवतं ना."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. "येत होतं. एक-दोन लिहिलं होतं, तिनं एक-दोन वाचलं."

वाढणारा भात घेऊन पुढे सरकला.