पाटीवर न मावलेला राव

कुंभकोणमच्या बसस्टँडमागच्या गल्लीत ‘मूर्ती ऑटो ऑडिओ’ अशी तमिळ अक्षरांतली पाटी आहे. मालकांचं पूर्ण नाव कृष्णमूर्ती राव, पण पाटीवर राव नाही. वीस वर्षांपूर्वी रंगाऱ्यानं ‘ऑडिओ’ जरा ऐसपैस काढला आणि राव मावलाच नाही, असं कृष्णमूर्ती सांगतात. कपाळावर विभूतीचे पट्टे, कमरेला वेष्टी, तोंडात कावेरीकाठची अस्सल तमिळ. हा गृहस्थ नावापुढे राव लावणाऱ्या तंजावरी मराठी घरातला आहे आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की पणजोबांच्या पणजोबांची मराठी बोलतो, हे कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

येऊ नये अशीच त्यांची इच्छा होती. कारण तिकडच्या मराठी मंडळींना एक खोड आहे. बाहेर तमिळ बोलायचं, घरात मराठी. आणि बाहेर असताना काही गुपित बोलायची वेळ आली, की समोरच्याला काय कळतंय म्हणून खुशाल मराठीत सुरू व्हायचं. कृष्णमूर्तींनी दुकानात गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या मांडल्या होत्या, त्या मुद्दाम कामाच्या टेबलाला खेटून. त्या खुर्च्यांत बसून लोकांनी काय काय ओकलं होतं! कुणाची कवळी, कुणाचं मृत्युपत्र, कुणाच्या जावयाची चोरून सिगरेट. कृष्णमूर्ती मान खाली घालून वायर सोलत आणि एक अक्षर गळू देत नसत. संध्याकाळी कॉफीच्या पेल्याबरोबर हा सगळा माल बायकोपुढे, अंबाबाईंपुढे, उघडायचा. “चोरून ऐकणं पाप हो,” असं अंबाबाई रोज म्हणत आणि पेला खाली ठेवायच्या आत विचारत, “मग ती काय म्हणाली?”

कामात मात्र माणूस चोख. गाडीतल्या ॲम्प्लिफायरच्या वायरिंगमध्ये शॉर्ट होऊ लागला की बाकीचे कारागीर काय करतात? फ्यूज उडाला की नवा घालतात, तोही उडाला की जाडा घालतात, आणि मग गाडीतून धूर निघाला की नशिबाला बोल लावतात. कृष्णमूर्ती फ्यूजच्या जागी हेडलाइटचा एक जुना बल्ब जोडत. पुढे कुठेही शॉर्ट असला तर बल्ब भक्कन पेटणार, सुटला की विझणार. काही जळत नाही, काही उडत नाही. मग एकेक वायर सोडवत, एकेक जागा हलवत, बल्ब कधी पेटतो आणि कधी विझतो ते बघत बसायचं. या कामाला अक्कल कमी लागते आणि बूड जास्त, असं ते म्हणत.

पोंगल होऊन आठवडा झाला असेल. सकाळी नऊच्या सुमारास एक पांढरी गाडी दुकानासमोर थांबली. तिरुविडैमरुदूरहून आलेलं कुटुंब होतं. जरीकाठी नव्या वेष्टीतला मुलगा हरिप्रसाद, त्याची आई गोदाबाई आणि मांडीवर मोगऱ्याची परडी घेतलेली बायको रम्या. रम्या स्वामीमलैची, तमिळ घरातली, लग्नाला तीन वर्षं झालेली. तिच्या वडिलांची आज साठीशांत होती आणि मंडळी तिकडेच निघाली होती. गाडीची डिकी फळांच्या ताटांनी भरली होती.

“अण्णा, तिसऱ्यांदा फ्यूज उडाला,” हरिप्रसाद तमिळमध्ये म्हणाला. “तिरुनागेश्वरमच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि जळका वास आला. आमच्याकडचा कारागीर म्हणतो, ॲम्प्लिफायर मेला, नवा घ्या.”

खरं तर फ्यूज काढून ठेवला असता तर गाडी पाच मिनिटांत वाटेला लागली असती. गाण्यावाचून स्वामीमलै काही अडत नव्हतं. कृष्णमूर्ती तसं सांगणारच होते, इतक्यात गोदाबाईंनी पहिल्या खुर्चीत बैठक मारली आणि मराठीत तोंड उघडलं.

“हरी, ह्याचें पोट पाहिलेंस? भोपळाच तो! हा कसा गाडीखालीं शिरणार?”

कृष्णमूर्तींनी पोट जरा आत घेतलं आणि पेचकस शोधायला लागले. आजचा दिवस चांगला जाणार, असं त्यांना वाटलं.

“आणि ऐक,” गोदाबाई पुढे म्हणाल्या, “आज मी सोडीत नाहीं. साऱ्या सोयऱ्यांदेखत हिच्या अप्पास विचारणार. आमची देवी वितळवून कोणती मूर्ति ओतिलीत म्हणून!”

“आई, आज नको,” हरिप्रसाद पुटपुटला.

“आज नाहीं तर केव्हां? दोन महिने झाले देवघरांतून टाक नाहींसा होऊन. हिजवांचून त्या देवघरांत कोण जातें? घरच ओतकाम करणारांचें. चांदी तेथें गेली म्हणजे मुशींत गेली.”

कृष्णमूर्तींच्या हातातला पेचकस थांबला. गोदाबाईंच्या घरी भवानीचा चांदीचा टाक होता, पूर्वजांनी देशाकडून आणलेला. तो हरवला होता, आणि स्वामीमलैच्या मूर्तिकाराची मुलगी म्हणून संशय रम्येवर होता. बिचारी तिसऱ्या खुर्चीत मोगरा सावरत रस्त्याकडे पाहत होती. साठीच्या दिवशी, भरल्या मांडवात, तिच्या बापाला चोर ठरवायला ही बाई निघाली होती, आणि मुलीला त्याचा पत्ताही नव्हता. वीस वर्षांत कृष्णमूर्तींनी पुष्कळ ऐकलं होतं, पण ऐकून हसू आलं नाही ते आज पहिल्यांदा.

“मोठं काम आहे,” ते तमिळमध्ये गंभीरपणे म्हणाले. “वेळ लागेल.”

काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. तोवर गाडी हलू द्यायची नाही, एवढंच ठरलं होतं. त्यांनी फळांची ताटं एकेक करून बाहेर काढली, केळी मोजल्यासारखी केली, परत पुसली. बॉनेटखाली फ्यूजच्या जागी बल्ब जोडला. बल्ब विझलेलाच राहिला. ॲम्प्लिफायर मागच्या सीटच्या पाठीला, डिकीच्या बाजूनं, पट्टीवर बसवलेला होता. तो काढून त्यांनी टेबलावर दुसऱ्या बॅटरीला जोडला आणि दुकानातला जुना स्पीकर असा काही खणखणला की गोदाबाईंनी कानांवर हात ठेवले.

“हा मेला म्हणतात? हा तुमच्या-माझ्या आधी मरायचा नाही,” कृष्णमूर्ती म्हणाले. मग बॅटरीपासून डिकीपर्यंतची वायर त्यांनी मीटर लावून तपासली. तीही ठणठणीत. वायर चांगली, यंत्र चांगलं, आणि दोन्ही गाडीत एकत्र बसले की फ्यूज जातो! त्यांनी ॲम्प्लिफायर परत जागेवर बसवला आणि हरिप्रसादकडे वळले.

“तंबी,” त्यांनी धाकट्या भावाला मारावी तशी हाक मारली, “मागच्या बंपरवर उभे राहा आणि उड्या मारा.”

“मी?”

“खड्डा मी कुठून आणू?”

नव्या वेष्टीचा काचा मारून हरिप्रसाद उड्या मारू लागला. रस्त्यावरची माणसं थांबली. समोरच्या इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवली. खरं तर चौथ्या उडीलाच बल्ब क्षणभर लुकलुकला होता, पण कृष्णमूर्तींनी वीस मारायला लावल्या. आईपुढे मान खाली घालून बसणाऱ्या मुलाला तेवढा व्यायाम हवाच, असं त्यांचं मत पडलं. विसाव्या उडीला पुढचा बल्ब भक्कन पेटला तो पेटलेलाच राहिला.

“थांबा! तस्सेच थांबा!”

पोट सावरत कृष्णमूर्ती डिकीत शिरले. ॲम्प्लिफायरच्या पट्टीशी बॅटरीची वायर कुणी आळशानं बोटभर जास्त सोलली होती, तांब्याचे तंतू उघडे होते. त्यांच्यावर काहीतरी चकाकत टेकलं होतं. सीटची लोखंडी पाठ आणि तिचं अस्तर यांच्यामधल्या फटीतून ते खाली घसरलं होतं. एक कड तांब्याला, एक कड लोखंडाला. त्यांनी चिमटीत धरून ते ओढलं. तळहाताएवढा चांदीचा पत्रा, गुंडाळलेलं रेशमी फडकं फाटून लोंबलेलं. आठ हातांची भवानी. खाली जुन्या मोडीतलं एक अक्षर. पुढे बल्ब विझला.

हरिप्रसाद डिकीत वाकला, आणि त्याचा चेहरा त्या फाटक्या फडक्यासारखा उतरला.

“अण्णा,” तो कानाशी येऊन तमिळमध्ये म्हणाला, “हे हत्यारांच्या पेटीत टाका. मी उद्या येऊन नेईन. कोणाला सांगू नका.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नवी गाडी घेतली तेव्हा आई चाकाखाली लिंबू ठेवायला निघाली, तर यानं सगळ्यांसमोर तिची टर उडवली होती. आठ दिवसांत बायपासला एका लॉरीनं आरसा उडवला. मग या शूर पुरुषानं देवघरातून देवी उचलली आणि राखणीला म्हणून सीटच्या अस्तरात दडवली. आईनं टाक शोधायला घर डोक्यावर घेतलं तेव्हा हा परत काढायला गेला, तर देवी आत घसरून दिसेनाशी झालेली. सांगायचं तर टर उडवलेली अंगाशी येणार. मग संशय बायकोवर गेला, आणि हा गप्प बसला.

कृष्णमूर्तींना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्यांनी टाकाकडे पाहिलं, टेबलाला खेटलेल्या तीन खुर्च्यांकडे पाहिलं. आता मराठीत एक वाक्य बोललं की महिनाभरात कावेरीच्या दोन्ही काठांच्या मराठी घरांत बातमी जाणार. संध्याकाळची कॉफी कायमची अळणी होणार. जाऊ दे झालं, असं ते मनाशी म्हणाले आणि टाक तळहातावर घेऊन गोदाबाईंपुढे जाऊन उभे राहिले.

“बाई,” ते मराठीत म्हणाले, “तुमची देवी स्वामीमलैस गेली नव्हती. दोन महिने तुमच्याच गाडींत बसून फ्यूज उडवीत होती.”

 गोदाबाईंनी आधी देवीकडे पाहिलं, मग कृष्णमूर्तींच्या तोंडाकडे, आणि मग हळूच त्यांच्या पोटाकडे.

“तें भोपळ्याचें बरोबरच आहे,” कृष्णमूर्ती म्हणाले. “घरींही तेंच म्हणतात.”

“गाडींत कोणी ठेविली?” गोदाबाईंनी कसंबसं विचारलं.

“तारेचें मी सांगूं शकतों. बाकी ज्यानें उड्या मारिल्या त्यास विचारा.”

हरिप्रसादनं वेष्टीचा काचा सोडला. “मींच ठेविली, आई. लॉरीच्या दिवशीं. मज भय वाटलें.”

गोदाबाईंनी मुलाला काय म्हटलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. इस्त्रीवाल्याला भाषा कळली नाही तरी मजकूर कळला. मग दम लागून त्या थांबल्या, रम्येकडे वळल्या आणि घाईघाईनं तमिळमध्ये म्हणाल्या, “काही नाही गं, घरातली एक वस्तू सापडली. आमचं आपलं काहीतरी बोलणं चाललं होतं.”

रम्येनं मोगऱ्याची परडी खाली ठेवली.

“मज समजतें, आई,” ती म्हणाली. मराठीत. एकही अक्षर अडखळलं नाही. “तीन वर्षें सारें समजतें.”

कृष्णमूर्तींनी मान खाली घातली. तेही वीस वर्षं याच खुर्च्यांपाशी गुपचूप ऐकत आले होते आणि घरी जाऊन पोट धरून हसत होते. या मुलीनंही तेच केलं होतं, फक्त हसायला तिला काही मिळालं नव्हतं. आपल्या बापाला चोर म्हणतात, हे ती त्या तिसऱ्या खुर्चीत बसून शब्दन्‌शब्द ऐकत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

गोदाबाई खुर्चीतून उठल्या. मग त्यांनी पदरानं टाक पुसला आणि रम्येच्या ओंजळीत ठेवला.

“तूंच धर,” त्या मराठीत म्हणाल्या. सुनेशी त्या भाषेत बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ. “तुझ्या अप्पांच्या हातून इजला पूजा घालूं. मग घरीं नेऊं. आणि पुढें तूं बैस. हा मागें बसेल.”

“गाडी कोण चालविणार?” हरिप्रसादनं विचारलं.

“मी,” रम्या म्हणाली.

कृष्णमूर्तींनी उघडी तार कापून नीट बसवली, ताटं डिकीत लावली. गाडी निघाली. खड्ड्यात आदळली तरी गाणं तुटलं नाही.

संध्याकाळी अंबाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. या वेळी त्यांनी पापाचं काढलं नाही. “म्हणजे उद्यांपासून मज कोणाचें कांहीं कळणार नाहीं,” एवढंच त्या म्हणाल्या आणि कॉफी जास्त ओतली.

दुसऱ्या दिवशी कृष्णमूर्तींनी रंगाऱ्याला बोलावलं. म्हातारा शिडीवर चढला, पाटीवर वीत टेकवून पाहिली आणि वरूनच ओरडला, “मूर्ती, अजून दोन राव मावतील इतकी जागा आहे की हो!”

“माहीत आहे,” कृष्णमूर्ती म्हणाले. “एकच काढ.”