बद्रुद्दीनचा आठवा फोटो

बद्रुद्दीनने सहा वर्षांत माझे एकतीस फोटो काढले आणि त्यांतल्या एकाही फोटोत मी जिंकलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक घरी येतात, भिंतीवरचा एकुलता एक फोटो बघतात आणि विचारतात, सावळाराम, तुम्ही एवढे हुतूतूवाले, आणि फोटो असा? मग मला सगळं रामायण पहिल्यापासून सांगत बसावं लागतं.

बद्रुद्दीन दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करणारा फिटर होता आणि मी तिथंच खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचा गडी. अठ्ठावन्न साली एक अँग्लो-इंडियन गार्ड नोकरी संपवून परदेशी निघाला, तेव्हा त्याने आपला जुना कॅमेरा बद्रुद्दीनला देऊन टाकला. कॅमेरा कसला, डबाच तो. काळा, पत्र्याचा, पुढे एक भिंग आणि वर बोटभर काच. तो पोटाशी धरायचा, मान खाली घालून काचेत बघायचं आणि खटका दाबायचा. एका रोलमध्ये आठ फोटो. बद्रुद्दीनला दोन महिन्यांतून एकदाच रोल परवडायचा, कारण घरात खाणारी तोंडं सहा आणि त्याची बायको अमीरबी खर्चाच्या बाबतीत आमच्या फोरमनपेक्षा कडक. एवढ्याशा फोटोंत शहाण्या माणसाने काय काढावं? बायकापोरं काढावीत. याने ठरवलं, खेळाचे फोटो काढायचे. तेही हुतूतूचे, जिथे माणूस एक क्षण एका जागी ठरत नाही.

त्या डब्याचा खटका म्हाताऱ्याच्या पापणीसारखा सावकाश मिटायचा. पळता गडी त्यात नुसता धूर होऊन यायचा. पहिल्या रोलमधला आमचा शेडचा संघ मी पाहिला, तर मैदानात सात ठिकाणी धुकं उतरलेलं. ही असली फिल्म तो रविवारी घरच्या मोरीत, दाराला गोधडी लावून धुवायचा आणि गार्डच्या मोडक्या हातकंदिलाला लाल काच होती, तिच्या उजेडात कागदावर उतरवायचा. अख्खी सकाळ मोरी अडलेली. अमीरबी बाहेरून म्हणायची, "पोरं समदी पारोशी बसल्यात आन् ह्यांचं धुराला आंघुळ घालनं चाललंय."

त्यात आमची माणसं. फोटो म्हणजे ताठ उभं राहायचं, हात मांडीला चिकटवायचे, श्वास रोखायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. बद्रुद्दीन रेषेजवळ आला की पकडीला टपलेले गडी सरळ होऊन केस नीट करायचे. तो कळवळून सांगायचा, "माझ्याकडं बघू नगा रं, तुमी खेळा." मग तर बघायलाच लागायचे. दुसऱ्यांना कशाला हसू? भांडगावच्या संघाशी सामना होता. मी चढाईत दोन गडी मारले, मागे फिरलो, आणि समोर कॅमेरा. मधली रेषा वीतभर राहिली असताना मी छाती काढून थांबलो. सांगायला लाज वाटते, पण थांबलो. तोंडाने हुतूतू चालू ठेवलं, तेवढी अक्कल शिल्लक होती. भांडगावच्या पाच जणांनी मला मागून उचललं आणि नेऊन निजवलं. सामना गेला.

संध्याकाळी आमचा कप्तान हौसराव त्याला म्हणाला, "बद्रू, तू हाईस तरी कुनाकडनं?"

मी म्हटलं, "जाऊ दे हौसराव. निदान फोटो तरी ब्येस आला आसंल."

"म्या दाबलंच न्हाई," बद्रुद्दीन म्हणाला. "तू हुबा ऱ्हायलास. हुब्या मानसाला कशाला फिल्म घालवू?"

असल्या माणसाला काय करायचं ते तुम्हीच सांगा.

पुढे त्याने म्हणे अभ्यास केला. त्याच्या ध्यानात आलं की हुतूतूत एकच क्षण असा असतो, जेव्हा कुणी हलत नाही. चढाईवाला सापडलेला असतो, रेषेकडे हात ताणून पडलेला असतो, चौघं त्याला मागे ओढतात, तो पुढे ओढतो, आणि दोन्हीकडचा जोर सारखा झाला की डोळा मिटेपर्यंत सगळे थिजतात. त्याचा सुस्त डबा तेवढंच टिपू शकत होता. म्हणजे आमच्याच बाजूचा, माझा जिवाभावाचा मित्र रेषेबाहेर गुडघ्यांवर बसून मी कधी सापडतो याची वाट बघायचा. सामन्याआधी मला सांगायचा, "आज सापड लेका येकदा. उजेड झ्याक पडलाय."

असे माझे फोटो जमत गेले. मी दौंडात सापडलेला, मी पाबळला सापडलेला, तोंडात माती, पायावर तीन गडी. तेही धड नाहीत. एकात माझं डोकंच बाहेर राहिलेलं, दुसऱ्यात हात हललेले. तो ते उजेडात धरून म्हणायचा, "जवळ आलंय. पुढल्या टायमाला हुतंय." मी चिडून म्हणायचो, एकदा तरी मी जिंकल्याचा काढ. तो शांतपणे म्हणायचा, "जिकतोस तवा तू हलतोस."

चौसष्ट साली शिरूरला मोठे सामने झाले. माझा गुडघा कामातून गेला होता आणि हा शेवटचा सामना, हे मी ठरवून टाकलं होतं. इतकी वर्षं घासून एक ढाल नाही की जिंकल्याचा एक फोटो नाही, हे मनाला फार लागायचं. आम्ही मांडवगण फराट्याच्या संघाशी अंतिम सामन्यात पोचलो, तेव्हा मी बद्रुद्दीनला म्हटलं, "आज जिकल्याचाच फोटो काड. धूर आला तरी चालंल." तो बरं म्हणाला. थेट ड्यूटीवरून एसटीने आला होता, हात इंजिनच्या तेलाने काळेच. रोलमध्ये आठवा, शेवटचा फोटो शिल्लक होता.

गुण सारखे झाले आणि शेवटची चढाई माझ्यावर आली. मी एक गडी शिवला, मागे वळलो, आणि गुडघा दुमडला. चार जण अंगावर. मी पालथा, बाजूच्या रेषेला लागून, हात पुढे ताणलेला, मधली रेषा चार बोटांवर. कुणी हलेना. हाच तो क्षण. दहा फुटांवर बद्रुद्दीन मान खाली घालून काचेत बघत होता. मला वाटलं, दाब बाबा, आपल्यातला एक तरी आज सुखाने घरी जाऊ दे.

आणि त्याने मान वर केली. सहा वर्षांत सामना चालू असताना मी त्याचा चेहरा पाहिलाच नव्हता, नुसती टोपी पाहिली होती. फडक्याखेरीज कधी खाली न ठेवलेला तो कॅमेरा त्याने मातीत ठेवला, गुडघ्यांवर सरकत आला आणि हात पुढे केला. "ये सावळ्या, ये," म्हणाला.

चार बोटांवर रेषा होती. ती सोडून मी त्याचा हात धरला. त्याने माझं मनगट पकडून असं ओढलं की चौघांसकट मी बाजूच्या रेषेबाहेर आलो.

पंच सत्यवान मास्तरांनी शिट्टी फुंकली. बाहेरच्या माणसाची मदत, चढाई रद्द, मी बाद. ढाल मांडवगणला गेली. आमच्यावर कुणी रागावलंसुद्धा नाही, इतका तो गाढवपणा होता. हौसराव स्टँडकडे चालता झाला.

मी संतापून विचारलं, "तुला दाबायचं सोडून हात घालाया कुनी सांगितलं हुतं?"

तो आपल्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काचंत तू येवढासा दिसायचास रं. वर बघितलं तर लय जवळ हुतास." डोळे पुसून त्याने कॅमेऱ्यावरची माती झटकली. "येक फोटो ऱ्हायलाय. हुबा ऱ्हा."

उभं राहू नका म्हणून सहा वर्षं ओरडणारा हा माणूस. मी इतका वैतागलो होतो की उभा राहिलो. ताठ, हात मांडीला चिकटवून, श्वास रोखून.

"हलू नगंस," म्हणाला आणि दाबलं.

तोच हा भिंतीवरचा फोटो. अगदी स्वच्छ आला आहे. फोटो काढणाऱ्याला आता हाणणार, असा माझा चेहरा आहे, आणि तो खोटा नाही. त्यानंतर आम्ही दोघं पुष्कळ सामने रेषेबाहेर बसून पाहिले, पण बद्रुद्दीनने कॅमेरा पुन्हा मैदानावर आणला नाही.

नव्या माणसांना वाटतं, फोटो खराब झाला आहे. उजव्या मनगटावर काळे डाग दिसतात ना. धाकटा मुलगा तर म्हणत होता, स्टुडिओत देऊन ते पुसून आणू. मी हात लावू दिला नाही. डाग फोटोला पडलेले नाहीत, माझ्या मनगटाला पडलेले आहेत. नीट मोजले तर चार भरतात. पाचवा अंगठ्याचा, तो मागच्या बाजूला आहे.